दोन ओळींचा अंदाज आणि तीन एकर उन्हाळ कांदा

मंगळवारी दुपारी नानांचा फोन आला तेव्हा मागे कुणीतरी प्लास्टिकचा कागद ओढत असल्याचा फरफर आवाज येत होता. "उद्यापासून पाऊस सांगितलाय. पहाटे टोळी बोलावतो आणि राहिलेला सगळा कांदा उपटून घेतो," नाना म्हणाले. विचारत नव्हते, कळवत होते.

नाना म्हणजे माझे चुलते. नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे पट्ट्यात, देवळा तालुक्यात त्यांची शेती. मी कृषीची पदवी घेऊन नाशिकला कृषी सेवा केंद्रात बसतो, त्यामुळे घरात हवामानाचा मेसेज आला की तो आधी माझ्याकडे पुढे ढकलला जातो. त्या एप्रिलमधला तो आठवडा मी जवळून पाहिला. अर्धा शेतावर, अर्धा फोनवर. त्यात काय ठरवलं, काय चुकलं आणि नुकसान नेमकं कुठे झालं, ते लिहून ठेवतो आहे.

मेसेज दोन ओळींचा होता. पहिल्या ओळीचा अर्थ असा : बुधवारी आणि गुरुवारी जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस, सोसाट्याचा वारा, एखाद्या ठिकाणी गारा. दुसरी ओळ : शुक्रवारपासून हवामान कोरडे, कमाल तापमानात दोन ते चार अंशांनी वाढ. पहिल्या ओळीशेजारी पिवळा रंग होता, दुसरीशेजारी काहीच नव्हतं. वस्तीवरच्या ग्रुपवर जो फोटो फिरत होता त्यात तर दुसरी ओळ कापलीच गेली होती.

शेतात काय होतं

तीन एकरांत कांदा तीन अवस्थांत पडला होता, आणि सगळा घोळ त्यातूनच झाला. अर्ध्या एकराचा माल पात कापून, गोल्टी-चिंगळी (बारीक कांदा) बाजूला काढून बांधालगत ढीग लावलेला होता. साधारण पन्नास क्विंटल. एक एकर शनिवार-रविवारी उपटून पातीसकट वाफ्यांत पसरलेला. तो शंभराच्या आसपास भरला असता. आणि दीड एकर अजून जमिनीत उभा. त्याचं पाणी तोडून आठ दिवस झाले होते, पातीच्या माना (त्या पडल्या की कांदा पक्व समजायचा) निम्म्याच पडल्या होत्या.

नानांचा हिशेब सरळ होता : पाऊस यायच्या आत माल जमिनीबाहेर. सोयाबीनला, गव्हाला, हरभऱ्याला हाच हिशेब चालतो. कांद्याला चालत नाही. जमिनीत उभा असलेला कांदा पातीच्या आणि मातीच्या आडोशाला असतो. दहा-पंधरा मिलिमीटर वळवाचा पाऊस झाला तर वरची माती ओली होते, दोन उन्हांत सुकते. पाऊस आठ-दहा दिवस रेंगाळला तर गोष्ट वेगळी : पक्व कांद्याला पुन्हा मुळ्या फुटतात, पापुद्रा तडकतो, काढायला उशीर झाला की टिकवण जाते. पण इथे दुसरी ओळ सांगत होती की पाऊस रेंगाळणार नाही. उपटलेला कांदा मात्र उघडा असतो. गारेचा टोला बसलेल्या जागी सड धरते, आणि कापलेल्या ओल्या मानेतून ती थेट आत उतरते.

शिवाय मजुरांचं गणित. टोळी चौदा बायांची, सुरगाण्याकडची. दीड एकर एका दिवसात त्यांनी उपटला असता, पण कापून, भरून, आडोशाला नेऊन ठेवला नसता. म्हणजे बुधवारी संध्याकाळी नानांकडे उघड्यावर पडलेला कांदा एक एकराऐवजी अडीच एकर झाला असता, आणि झाकायला कागद होता जेमतेम सव्वा एकराच्या मालापुरता. हे मी फोनवर दोनदा सांगितलं. पहिल्यांदा नाना रागावले, दुसऱ्यांदा गप्प झाले. काकूंनी फोन घेतला आणि विचारलं, "मग टोळीला काय काम सांगू?"

तर काम असं ठरलं. उभ्या दीड एकराला हात लावायचा नाही. सकाळी आधी कापलेला ढीग उचलून कांदा साठवायच्या चाळीच्या पडवीत न्यायचा, कारण सगळ्यात नाजूक तोच. मग पसरलेला एक एकर पातीसकट छोट्या-छोट्या ढिगांत गोळा करायचा, कांदा आत आणि पात बाहेर, आणि पाऊस येण्याच्या बेताला कागद टाकायचा. वेळ उरला तर उभ्या रानात पाणी साचू नये म्हणून खालच्या अंगाला चर काढायचा. मी बुधवारी पहाटेची बस पकडली.

'तुरळक' म्हणजे किती

अंदाज वाचताना आपण अंक आणि रंग बघतो, शब्द सोडून देतो. पण हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'बऱ्याच ठिकाणी' यांना मोजलेले अर्थ आहेत. 'तुरळक' म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे पाव ते निम्म्या. म्हणजे तुरळक पावसाचा अंदाज खरा ठरला तरी जिल्ह्यातल्या चारांपैकी तीन गावांत थेंबही पडणार नाही, आणि त्या तिन्ही गावांत लोक म्हणणार, "बघा, वेधशाळेचं नेहमीचंच!" पिवळा रंगसुद्धा 'सावध राहा, लक्ष ठेवा' एवढंच सांगतो. नारिंगी 'तयारीत राहा', लाल 'आता कृती करा'. दोन दिवस आधी हे सांगता येतं की हवा गडगडाटाजोगी आहे. ढग कुणाच्या बांधावर फुटणार हे फार तर दोन-तीन तास आधी रडारवर दिसतं. म्हणून जिल्ह्याचा अंदाज नियोजनाला वापरायचा आणि तीन तासांचा तात्काळ इशारा कागद टाकायला. दोन्हींची कामं वेगळी आहेत.

पण पाऊस आणि त्यामागोमाग कोरडं ऊन अशी जोडी एकाच अंदाजात का येते? मार्च ते मे या काळात आपल्याकडे दोन वाऱ्यांची गाठ पडते. राजस्थान-गुजरातकडून येणारा कोरडा, तापलेला वारा आणि समुद्रावरून येणारा दमट वारा. ते जिथे भिडतात ती रेघ बरेचदा मध्य प्रदेश किंवा विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक ओलांडून थेट तमिळनाडूपर्यंत दक्षिणोत्तर पसरलेली असते. खात्याच्या पत्रकात तिला द्रोणीय रेषा किंवा वाऱ्यांची खंडितता म्हणतात. दुपारच्या उन्हाने जमीन तापली, हवा वर उचलली गेली आणि तिला दमटपणा मिळाला की दोन-तीन तासांत उंच ढग उभा राहतो. सकाळी निरभ्र, चारला अंधार, रात्री पुन्हा चांदणी. ही रेघ पूर्वेला सरकली किंवा विरली की आपल्या बाजूला उरतो तो फक्त कोरडा वायव्येचा वारा. ढग नाहीत, दमटपणा नाही, ऊन सरळ जमिनीवर. पहिला दिवस-दीड दिवस उन्हाची बरीच ताकद मातीतली ओल उडवण्यात जाते म्हणून बरं वाटतं. ओल संपली की तीच ताकद हवा तापवायला लागते. गडगडाटानंतरचा तिसरा-चौथा दिवस अंगावर येतो तो म्हणून.

इथे एक खुलासा, कारण ग्रुपवर लगेच 'उष्णतेची लाट' असं फिरायला लागतं. तापमान वाढणार म्हणजे लाट येणार असं नाही. सपाट प्रदेशात पारा किमान 40 अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर गेला, किंवा सरळ 45 ला टेकला, तरच खातं लाट म्हणतं. आमच्या मेसेजमध्ये लाट नव्हती. कांद्याला आणि माणसाला त्रास व्हायला लाटच यावी लागते असं मात्र नाही.

बुधवार, गुरुवार

बुधवारी दुपारी साडेतीनपर्यंत अकरा ढीग झाले. आभाळ ईशान्येला निळं-काळं, पण वारा बंद. पानसुद्धा हलत नव्हतं. मी नानांना सांगत होतो की कागद पावसासाठी नाही, वाऱ्यासाठी बांधायचा आहे. ढगात पाऊस पडायला लागला की त्याने गार झालेली हवा धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तो वारा बरेचदा पहिल्या थेंबाच्या काही मिनिटं आधी येतो आणि सैल कागद घेऊन जातो. दगड कमी पडले. काकूंनी जुन्या बारदानात माती भरून एकेका टोकावर ठेवायला सुरुवात केली. वाऱ्याच्या उलट बाजूला वीतभर फट सोडली, आत हवा खेळावी म्हणून.

टोळी तेवढ्यात बांधावरच्या कडुनिंबाखाली जाऊन बसली होती. डबे उघडले होते. पहिली वीज दिसली. मी मोजायला लागलो, आणि अकराव्या सेकंदाला गडगडाट ऐकू आला. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर चालतो, म्हणजे वीज चार किलोमीटरवरही नव्हती. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर मोकळ्या रानात थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हा नियम मी कितीदा लोकांना पत्रकावर छापून दिला असेल. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲपही फोनमध्ये होतं. पण प्रत्यक्षात चौदा बायांना झाडाखालून उठवून तीनशे पावलांवरच्या पक्क्या घरात न्यायला मला जेवढं ओरडावं लागलं तेवढं कशालाच लागलं नाही. "भिजलो तर वाळू, दादा," त्यातली मोठी बाई म्हणाली. मी पारसचं नाव घेतलं. 9 एप्रिल 2023 ला अकोला जिल्ह्यातल्या पारस गावात वादळात जुना कडुनिंब पत्र्याच्या शेडवर कोसळला आणि आडोशाला उभी असलेली सात माणसं गेली. टोळी ते ऐकून उठली की माझ्या ओरडण्याला कंटाळून, कोण जाणे. उठली एवढं खरं.

त्या संध्याकाळी वारा खूप झाला, पाऊस नावाला. दोन ढिगांवरचे कागद उडाले, ते रात्री बॅटरीच्या उजेडात पुन्हा टाकले. गुरुवारी चार वाजता मात्र वीस मिनिटं चांगला झोडपला, मध्ये पाच मिनिटं हरभऱ्याएवढ्या गारा. उभ्या कांद्याची पात फाटली. चर काढलेला असल्याने पाणी तासाभरात उतरलं. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर त्याच वेळी रस्त्यावर धूळ उडत होती. तुरळक!

रात्री मी नाशिकला परत निघालो. निघताना सांगितलं : उद्या सकाळी ऊन पडलं की कागद काढा. नानांनी मान हलवली.

नुकसान कधी झालं

पावसात नाही, त्यानंतरच्या उन्हात.

शुक्रवारी सकाळी आभाळात पांढुरके ढग होते. शेजारच्या माणसाने सांगितलं की उत्तरेला गडगडल्याचा आवाज आला. नानांच्या मनात गुरुवारच्या गारा ताज्या होत्या. त्यांनी कागद काढला नाही. एवढंच नाही, हवेसाठी सोडलेल्या फटीही मातीने दाबून टाकल्या, 'एखादा दिवस जाऊ दे' म्हणून. त्या एका दिवसात ढग विरले, वायव्येचा वारा सुटला आणि दुसरी ओळ अक्षरशः खरी झाली. शनिवारी दुपारी काकूंनी एका ढिगाचं टोक उचललं आणि मला फोन लावला. "आतनं वाफ येते रे," त्या म्हणाल्या. हात घातला तर आतला कांदा अंघोळीच्या पाण्याइतका कोमट. कागदाच्या आतल्या अंगाला घामाचे थेंब. पात पिवळी न पडता शेवाळी, चिकट झालेली. वास कांद्याचा नव्हता, शिजलेल्या पालेभाजीचा होता.

पातीसकटचा कांदा म्हणजे बहुतेक पाणीच. त्यावर कागद घट्ट दाबला आणि वर एप्रिलचं ऊन पडलं की आत भट्टी होते. गरम, दमट, हवा कोंडलेली जागा काळ्या बुरशीला आणि मऊ सडीला हवी असते तशीच. नाना शनिवारपर्यंत आभाळाकडे पावसासाठी बघत राहिले. ढिगाकडे कुणी बघितलं नाही. मीही नाही, शुक्रवारी सकाळी एक फोन करायला हवा होता, तो मी दुकानातल्या गर्दीत केला नाही. हे माझ्या खात्यावर.

अकरापैकी चार ढीग वाईट वाफाळले होते, बाकीच्यांचे वरचे थर ठीक होते. लगेच सगळा पसरला, पण भर उन्हात नाही. चाळीशीच्या उन्हात ओला कांदा उघडा टाकला तर वरच्या अंगाला भाजल्यासारखा पांढुरका चट्टा पडतो, आणि तो डाग चाळीत सडायला लागतो. काकूंनी जुन्या साड्या काढल्या, आंब्याच्या सावलीला जागा केली, उरलेलं पातीनेच झाकलं. निवड करून साधारण तीस क्विंटल बाजूला निघाला. चाळीत घालायच्या लायकीचा तो नव्हता. तीन दिवसांत बाजारात नेला आणि मिळेल त्या भावाला सोडला.

उभा दीड एकर

त्याला हात लागला तो पुढच्या मंगळवारी. माती कामाजोगी सुकून वाफसा आला होता, माना आता तीन चतुर्थांश पडल्या होत्या, फाटलेली पात सुकून पिवळी झाली होती. दुसऱ्या ओळीचा फायदा घ्यायची हीच वेळ. कोरडी हवा कांद्याची मान बंद करते, पापुद्रा पक्का करते. ऐन पावसाळ्यात चाळीत कांदा टिकतो तो या चार-पाच दिवसांच्या सुकवणीवर. फक्त ऊन कांद्यावर नको, पातीवर हवं. त्यासाठी जुनी रीत आहे : उपटलेली एक ओळ टाकायची आणि पुढच्या ओळीची पात तिच्या कांद्यांवर येईल अशी दुसरी ओळ टाकायची. कौलांसारखी. चार दिवसांनी एक-दीड इंच मान ठेवून कापायचा, मग आठ-दहा दिवस सावलीत पातळ थर, मगच चाळ.

माणसांचं काय, हा प्रश्न टोळीच्या मोठ्या बाईने स्वतःच सोडवला. सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत, मधे काम नाही. नानांना वाटलं काम लांबेल. उक्तं काम होतं, एकराचा भाव ठरलेला. लांबलं तरी पैसे तेवढेच. बांधावर दोन माठ, एकात लिंबू-मीठ घातलेलं पाणी. पारसच्या घटनेनंतर बरोबर सात दिवसांनी, 16 एप्रिल 2023 ला, खारघरच्या मोकळ्या मैदानात उन्हात बसलेल्या गर्दीतली चौदा माणसं दगावली. तिथे तर पाऱ्याने चाळिशीही गाठली नव्हती, पण किनाऱ्याजवळच्या दमट हवेत घाम सुकत नाही. एकाच राज्यात, एका आठवड्यात एकीकडे वादळ आणि दुसरीकडे ऊन. आपण मात्र लक्षात ठेवतो ते 'त्या वर्षी अवकाळी झाला' एवढंच.

आता जमाखर्च. दीड एकराचा माल चाळीत वेगळ्या कप्प्यात घातला, थर पाच फुटांच्या वर जाऊ दिला नाही. वाचलेल्या सत्तर क्विंटलचा कप्पा वेगळा, पडवीतला पन्नास क्विंटल वेगळा. जुलैच्या शेवटी नाना पहिला कप्पा फोडायला लागले तेव्हा मी होतो. दीड एकराच्या कांद्याला कोंब जवळजवळ नव्हता, रंग विटकरी, पापुद्रा वाजत होता. सत्तर क्विंटलच्या कप्प्यात मात्र हात घालताच मऊ लागणारे कांदे निघत राहिले, पापुद्र्याखाली काजळीसारखी काळी भुकटी. मेमध्ये वरून ते चांगले दिसत होते. म्हणजे वाफेचं नुकसान तीस क्विंटलवर थांबलं नव्हतं.

एक गोष्ट माझ्या विरोधात जाते, तीही लिहितो. वस्तीवरच्या ज्या शेतकऱ्याने बुधवारी सगळा कांदा उपटला, त्याच्याकडे मोठी पत्र्याची शेड होती आणि तीन ट्रॅक्टर. त्याचा माल रात्रीपर्यंत आत गेला. पातीसकट, पातळ थरात, चारी बाजूंनी वारा. त्याचं काही बिघडलं नाही. म्हणून 'पाऊस सांगितला तर कांदा उपटू नका' असा नियम मी कुणाला देत नाही. आडोसा किती, हात किती आणि पावसानंतर काय सांगितलंय, हे बघून ज्याने त्याने ठरवायचं.

यंदा फेब्रुवारीतच नानांनी शेडसाठी पत्र्यांचा भाव विचारून ठेवला आहे. हवामानाचा मेसेज अजूनही माझ्याकडे येतो, पण आता काकू पाठवतात, फोटो न कापता. परवाच्या मेसेजखाली त्यांनी लिहिलं होतं : "पाऊस कळला. कागद कधी काढायचा?"